सांगलीत डिमेन्शियाच्या माणसांसाठी केंद्र काढायचं की घरोघरी सोबती द्यायचे? मतं हवीत

नदीकाठची

नमस्कार मंडळी.

सांगली-मिरज-कुपवाड भागात डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, म्हणजे विसरण्याचा आजार) झालेल्या माणसांच्या घरच्यांचा आमचा एक लहानसा गट आहे. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी विश्रामबागेत एका ओळखीच्यांच्या हॉलवर जमतो. गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. चहा-भडंगाला वर्गणी निघते तेवढाच व्यवहार. येणाऱ्यांत सुना आणि बायका जास्त, मुलगे थोडे, आणि बायकोला सांभाळणारे एक-दोन काका. कधी डॉक्टर येऊन बोलतात, एरवी आम्हीच एकमेकांना सांगतो की आज अंघोळ कशी घातली, दाराची कडी कुठे हलवली.

आता एका कुटुंबाने पुढाकार घेतलाय. त्यांच्या वडिलांना अल्झायमर (डिमेन्शियाचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) होता, ते गेले. मुलांनी गावभागातल्या जुन्या घराचा तळमजला विनाभाडं वापरायला देऊ केलाय आणि पहिली दोन-तीन वर्षं निभावेल इतकी रक्कमही. अट एकच: रीतसर संस्था नोंदवा आणि हिशेब चोख ठेवा.

इथे गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, दिवसाचं केंद्र काढू. सकाळी माणसाला आणून सोडायचं, संध्याकाळी घेऊन जायचं. दुसरा म्हणतो, त्या पैशातून आठ-दहा जणांना नीट शिकवू आणि तेच घरोघरी जाऊन तीन-चार तास बसतील. मी दुसऱ्या तटातली, हे आधीच सांगून टाकते.

का, ते एका घरावरून सांगते. गटातल्या एक काकू आहेत. काका मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पहाटे चारला उठतात, टोपी चढवतात आणि दाराशी उभे राहतात, "सौद्याला उशीर झाला." दुकान सोडून जमाना झाला हे सांगितलं की चिडतात, हात उगारतात. काकूंनीच मग वाट शोधली. ओळखीच्या दुकानातून दोन किलो हळद आणली, हळकुंडं, गड्डे आणि कणी सगळं मिसळून. आता पहाटे सूप पुढ्यात ठेवलं की काका मांडी घालून बसतात आणि निवडतात. मधूनच एखादं हळकुंड मोडून आतला रंग बघतात आणि "हा माल राजापुरी नव्हे" असं काकूंना बजावतात. निवडून झालं की काकू आत नेऊन सगळं पुन्हा एकत्र करतात, उद्यासाठी.

डॉक्टरांनाही सुचलं नसतं ते या बाईंनी केलंय. त्यांना रोगाची माहितीपत्रकं नकोत, ती त्या आपल्यालाच शिकवतील. पण भावाच्या मुलीचं लग्न तासगावात होतं आणि त्यांना अक्षता टाकायला जाता आलं नाही, कारण काकांजवळ बसायला कोणी नव्हतं. त्यांना हवेत ते हे तास.

आकडेवारी हवी असेल तर: देशभर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. यातली बहुतेक घरातच असतात आणि घरातलंच कोणीतरी एक जण सांभाळत असतं.

मोकळेपणाने लिहा. शनिवारी बैठक आहे, तिथे हा धागा वाचून दाखवणार आहे.

---

पेठेतला_पोऱ्या

गावभागात तळमजला? ताई, आपण सांगलीतच राहता ना? :)

२००५, २०१९, २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि १९ साली पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आमच्या घरी तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकासुद्धा भिजल्या. केंद्रात पंधरा म्हातारी माणसं आणि पाणी वाढतंय, अशा वेळी कोण कुणाला उचलणार? आणि जुनं घर म्हणजे वीतभर उंच उंबरा, अंधारा बोळ, परसात संडास. दात्याचा मान राखून सांगतो, ती जागा ऑफिसलाही नको. कागदं भिजतील.

---

सूनबाई_क्र_२

वाचनमात्र होते, आज लिहिते.

सासूबाईंना होऊन बरीच वर्षं झाली. घरात मी, नवरा आणि कॉलेजातला मुलगा. नवरा चांगला आहे, पण एमआयडीसीत शिफ्ट. म्हणजे मी.

सगळ्यात जीव कशाने जातो सांगू? नणंदबाई दिवाळीत दोन दिवस येतात. त्या दोन दिवसांत सासूबाई इतक्या शहाण्यासारख्या वागतात की विचारू नका. नीट साडी नेसतात, "तुझ्या सासूची तब्येत कशी आहे गं" म्हणून लेकीच्या घरची चौकशी करतात. नणंद जाताना म्हणते, "वहिनी, आई तर ठणठणीत आहे, तुम्हीच फार टेन्शन घेता." तिची रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच सासूबाई मला विचारतात, "बाई, तुम्ही कुणाच्या? आमच्या घरात काय करताय?"

संस्थेने काहीही करा, पण वर्षातून एकदा सगळ्या नणंदा-दिरांना बोलावून डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकवा. माझं कोण ऐकतंय.

माझं मत सोबतीला. सासूबाईंना केंद्रात नेणं म्हणजे रोज सकाळी साडी, चप्पल, रिक्षा. त्यातच माझे दोन तास जातील, मग मोकळा वेळ तो कुठला?

---

तंबोरा

मिरजेत प्रॅक्टिस करतो, नाव-गाव सांगत नाही.

सूनबाई, तुम्ही लिहिलंय ते अगदी नेहमीचं आहे. पाहुण्यांसमोर, आणि आम्हा डॉक्टरांसमोरही, पेशंट थोडा वेळ सगळं बळ एकवटून छान वागतो. म्हणून मी नातेवाइकांना सांगतो, घरचा छोटा व्हिडिओ काढून आणा. (तो मला दाखवायला, फॅमिली ग्रुपवर टाकायला नव्हे.)

संस्थेसाठी माझ्या सूचना:

एक, कुणालाही दाखल करून घेण्यापूर्वी निदान झालंय का ते बघा. विसरणारा प्रत्येक म्हातारा अल्झायमरचा नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साकळलेलं रक्त, मेंदूतलं पाणी वाढणं, झोपेच्या गोळ्या, यांनीही माणूस गोंधळतो, आणि यातलं बरंच काही उपचाराने सुधारतं. आपल्याकडे शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणारे भरपूर, त्यांचं बी-१२ तपासलंच पाहिजे. रक्त तपासणी आणि डोक्याचा एक स्कॅन, एवढं तरी व्हावं.

दोन, सोबत्यांना हे तोंडपाठ करायला लावा: डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. माणूस दोन दिवसांत अचानक बदलला, बडबडायला लागला किंवा एकदम गुंगीत गेला, तर तो "आजार वाढला" असं समजून बसायचं नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, सोडियम उतरणं, न्यूमोनिया, नवी गोळी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर.

तीन, शांत करायच्या गोळ्या. घरचे थकतात आणि मागतात, मला कळतं. पण मनोविकारावरच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. ती शेवटचा उपाय म्हणून, कमी मात्रेत, थोडे दिवस. शेजारच्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची नाहीत.

आता वादाबद्दल. केंद्र अगदीच टाकाऊ ठरवू नका. सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला चार माणसांत बसणं, गाणं, पत्ते, बागेत फेरी याचा चांगला उपयोग होतो. घरात टीव्हीसमोर बसवून ठेवलेला पेशंट लवकर खचतो असा माझा अनुभव आहे. सोबती हवेतच, पण निदान आठवड्यातून एखादा दिवस एकत्र जमवा.

---

जुनं_ते_सोनं

पूर्वी एकत्र कुटुंबात हे प्रश्न नव्हते. घरात दहा माणसं, कुणी ना कुणी म्हाताऱ्यांजवळ असायचंच. आता आईवडिलांजवळ बसायला पगारी माणूस! संस्काराचा प्रश्न आहे, संस्थेचा नव्हे. बाकी ब्राह्मी घृत आणि रोज सकाळी शब्दकोडं, मेंदूला काही होत नाही. स्वानुभव.

---

सूनबाई_क्र_२

काका, त्या दहा माणसांत रात्री तीनला उठून अंथरूण बदलणारी एकच असायची. आमच्या आजेसासूबाईंचं कोण करत होतं ते मला सासूबाईंनीच सांगितलंय, चांगल्या होत्या तेव्हा.

---

तंबोरा

@जुनं_ते_सोनं, कोडी जरूर सोडवा. फक्त त्याच्या भरवशावर रक्तदाब, साखर आणि ऐकू कमी येणं याकडे दुर्लक्ष करू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये आयुष्यभरातली चौदा कारणं दिली आहेत, ती सगळी आटोक्यात आणता आली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. कमी ऐकू येणं त्यात आहे. आपल्याकडे चष्मा लावायला कुणी लाजत नाही, पण कानाचं यंत्र म्हटलं की "मी काय बहिरा आहे का?" आणि झालेल्या आजारावर घृताने गुण येतो असं कृपया इथे लिहू नका, लोक चालू औषधं बंद करतात.

---

एकटा_जीव

मी मुलगा. लग्न केलं नाही, त्यामुळे आई आपोआप माझ्याकडे आली. बहीण-भाऊ फोन करतात.

आईची गोष्ट सांगतो, वरती पुराचा विषय निघालाय म्हणून. १९ च्या पुरात आम्ही नावेतून निघालो. आजार नंतर सुरू झाला, पण आता पावसाचा आवाज आला की ती त्याच दिवसात असते. "पाणी किती फुटावर आलंय?" दर दहा मिनिटांनी. मी पहिल्यांदा समजावत असे की अगं तो पूर केव्हाच ओसरला. त्याने ती आणखी घाबरायची, कारण तिला वाटायचं मी लपवतोय. आता मी मोबाइल बघितल्यासारखं करतो आणि सांगतो, "उतरतंय. अडतीस. कोयनेचा विसर्ग कमी केलाय." ती म्हणते, "मग गादी खाली आणायला हरकत नाही." आणि झोपते.

खोटं बोलतो याचं सुरुवातीला वाईट वाटायचं, आता नाही वाटत. सोबतीला हे यायला पाहिजे. वाद घालणारा, "नाही आजी, असं नाही" म्हणणारा सोबती दहा मिनिटांत घर डोक्यावर घेईल.

आणखी एक, कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. आईला संडासला नेणं, धुणं, कपडे बदलणं हे मी करतो. तिला आता मी मुलगा आहे हे कळत नाही, पण परका पुरुष आहे हे कळतं, आणि ती लाजते. बाई सोबती मिळाली तर त्या कामासाठी आधी हवी. तुमच्या यादीत पुरुष सांभाळणाऱ्यांचाही विचार करा.

---

शहाणा_शेजारी

सगळे सोबतीच्या बाजूने, म्हणून मुद्दाम उलट लिहितो. मी काही वर्षं रुग्णसेवेचा ब्युरो जवळून बघितलाय.

घरात एक अनोळखी बाई, एक विसरणारं माणूस, तिसरं कुणी नाही. या आजारात चोरीचा आळ घेणं किती सामान्य आहे ते डॉक्टर सांगतील. आजी स्वतःच बांगडी तांदळाच्या डब्यात ठेवते आणि म्हणते बाईने नेली. मुलगा संध्याकाळी येतो आणि पोलिसात जायची भाषा करतो. ती गरीब बाई दुसऱ्या दिवसापासून येत नाही. उलटही होतं: बाई दिवसभर मोबाइलवर, आजोबा ओल्या कपड्यात, आणि ते सांगू शकत नाहीत. केंद्रात चार जणांचे डोळे असतात, घरात कोण बघणार?

आणि एकदा का संस्थेच्या नावावर माणूस पाठवला की काहीही झालं तरी तुमच्या दारात. तयारी आहे?

---

नदीकाठची

शेजारी, हा मुद्दा खरा आहे आणि बैठकीत सगळ्यात आधी तोच घेणार. आत्ता सुचतंय ते असं: सोबती पहिल्या काही वेळा घरचं माणूस घरात असतानाच जाईल. दागिने-पैसे कपाटात कुलूपबंद, आणि ते घरच्यांनी सोबतीसमोरच करायचं. एक वही त्या घरातच राहील: काय खाल्लं, लघवी-संडास, मूड, कुठे लागलं-खरचटलं. घरचा आणि सोबतीचा, दोघांच्या सह्या. आणि गटातलं कुणीतरी न सांगता मधूनच डोकावेल. आळ येईलच असं धरूनच चालायचं, सोबतीला आणि घरच्यांना आधी बसवून ते सांगायचं.

शिकवण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये "आयसपोर्ट" नावाचा अभ्यासक्रम काढलाय, घरी सांभाळणाऱ्यांसाठीच. अंघोळ, जेवण, चिडचिड, स्वतःची काळजी असे पाठ आहेत. तो पायाला धरू, बाकी आपली माणसं शिकवतील. हळदीच्या सुपाचा पाठ त्यात नाहीये.

आणि आपण काही शून्यातून सुरू करत नाही. केरळात १९९२ साली डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांनी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तिच्या शाखा आज अनेक शहरांत आहेत. नोंदणी झाली की त्यांना लिहू. आमच्या शनिवारच्या जमण्यासारखंच हॉलंडमध्ये १९९७ पासून "अल्झायमर कॅफे" या नावाने चालतं: आजारी, घरचे, डॉक्टर सगळे एकाच टेबलावर. डॉ. तंबोरा (तुम्हाला असंच म्हणते), तुमचा एक दिवसाचा मुद्दा त्यातच बसतो. शनिवार महिन्याऐवजी दर आठवड्याला करू आणि माणसांना घेऊनच येऊ.

---

हरिपूरचा

सगळं विश्रामबागेतच चाललंय बगा तुमचं. आम्ही काय करायचं?

आमच्या अण्णास्नी चालायची लई हौस. आधी संगमेश्वरापत्तूर जाऊन यायचे, कुणी ना कुणी ओळखीचं सोबत घेऊन घरी आणून सोडायचं. गावात तेवढं बरं असतंय. पण पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट झाली आणि आमचा घोटाळा झाला. २०२२ ला ती योजना आली न्हवं, अमृत ज्येष्ठ नागरिक. अण्णा सांगली स्टँडवर जायचे आणि लागलेल्या गाडीत बसायचे. कंडक्टरनं आधार बघितलं, तिकीट दिलं शून्याचं, झालं. एकदा जतला घावले, एकदा कोल्हापूर स्टँडवर. योजना चांगलीच हाय, बाकीच्या म्हाताऱ्यास्नी लई आधार झालाय, पण आमच्या अण्णास्नी कोण अडवणार?

मग थोरल्या पोरानं डोकं चालवलं. अण्णा बाकी सगळं इसरतात, पण खिशातलं आधार कार्ड इसरत न्हाईत. त्या प्लास्टिकच्या कव्हरात माघल्या बाजूनं चिठ्ठी सारली: "यांना विसरण्याचा आजार आहे, कृपया या नंबरवर फोन करा." कंडक्टर कार्ड बघतोय तवा चिठ्ठी दिसतेय. तवापासून दोनदा फोन आलाय, दोन्ही वेळा कंडक्टरचाच, गाडी सुटायच्या आत.

तर संस्थेनं पयलं काम हे करा. डेपोत जाऊन कंडक्टर लोकास्नी सांगा. रिक्षा स्टॉपवर सांगा. त्याला पैसं लागत न्हाईत.

---

पेठेतला_पोऱ्या

वा हरिपूरकर! ही चिठ्ठी मी उद्याच आमच्या शेजारच्या आजोबांसाठी करतो.

गणपती पेठेतल्या दुकानदारांचं मी बघतो. एक आजी रोज येऊन तोच गूळ घेऊन जातात, दुकानदार रोज देतो आणि संध्याकाळी सून परत आणून देते, असं आमच्याकडे आधीच चालू आहे. फक्त सगळे दुकानदार तसे नाहीत.

---

नदीकाठची

जपानने २००५ पासून हेच मोठ्या प्रमाणावर केलंय. दुकानदार, बँकेतले, शाळकरी मुलं यांना तास-दीड तासाची माहिती द्यायची आणि मनगटात घालायला नारिंगी कडं. त्यांचे "डिमेन्शिया सपोर्टर" झालेल्यांची संख्या कोटीच्या वर गेली आहे. आपण कडं नाही दिलं तरी चालेल. हरिपूरकर, डेपोला आपण दोघं जाऊ.

---

काळाकोट

कायद्याची बाजू कुणी घेतली नाही म्हणून.

संस्थेचं: महाराष्ट्रात सहसा १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली अशी दोन्ही नोंदणी करतात. किमान सात सभासद. विश्वस्तांत दात्याच्या घरचा एक घ्या, पण बहुमत सांभाळणाऱ्यांचं ठेवा. दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, हे वेळच्या वेळी केलं नाही तर पुढे निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. देणगीदारांना करसवलत हवी तर आयकर खात्याकडची नोंदणी वेगळी. जागा फुकट असली तरी लेखी करार नोंदवून घ्या. आज मुलं एकदिलाने देतायत, उद्या वाटणी होते.

घरच्यांसाठी, आणि हे जास्त महत्त्वाचं: बहुतेकांना वाटतं की मुखत्यारपत्र करून ठेवलं की काम झालं. आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता, मिळकतीसाठी नाही. मिळकत, मुदतठेवी यासाठी पालक नेमायचा तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली अर्ज करण्याचा मार्ग वापरला जातो. त्यासाठी आपल्याला पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली-सातारा त्यात येतं, एवढा तरी फेरा वाचला.

त्यापेक्षा निदान झाल्या झाल्या, माणसाला समजतंय तोवर, पेन्शनचं खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" असं करा, सगळीकडे नॉमिनी लावा, इच्छापत्र डॉक्टरांच्या दाखल्यासह करून घ्या. वडील मंडळींसमोर हा विषय काढायला मुलं कचरतात, "बाबांना वाटेल आम्ही टपलोय." काढा. मी पक्षकारांना सांगतो, मला बोलवा, वाईटपणा माझ्याकडे.

---

दूरदेशी

बंगळुरात नोकरी, आईबाबा मिरजेत. बाबांना व्हॅस्क्युलर डिमेन्शिया (मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा), आई सत्तरीपुढची, तिचेच गुडघे गेलेत. मी त्या "फोन करणाऱ्या" भावांपैकी आहे, त्यामुळे वरचं वाचताना कान लाल झाले.

विचारायचं एवढंच: सोबतीसाठी पैसे घेणार का? मी पूर्ण खर्च देऊ शकतो, वर आणखी एका घराचा देऊ शकतो. पण फुकट असेल तर आई घेणार नाही. "आपल्याला कशाला धर्मादाय, कुणा गरजूला द्या" म्हणेल आणि स्वतः उपसत राहील. पावती मिळाली की तिला ते नोकरीवर ठेवलेलं माणूस वाटेल, उपकार नाही.

७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी २०२४ पासून आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड आहे, ते काढलंय. पण त्यात हॉस्पिटलात भरती झालं तर खर्च निघतो, घरी बसणाऱ्या माणसाचा नाही.

---

एकटा_जीव

@दूरदेशी, बाबांच्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आईला बँकेत पाठवू नका. पोस्टमन घरी येऊन करतो, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. आमच्या बँकेतल्या साहेबांनी आईला प्रत्यक्ष आणा म्हणून सांगितलं होतं, नंतर कळलं गरजच नव्हती.

आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. सोबती पाठवत नाहीत, पण कुठला अर्ज कुठे ते सांगतात. मला रात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तेव्हा १४४१६ लावला होता. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिथे रात्रीही उचलतात.

---

शहाणा_शेजारी

वहीची आणि न सांगता डोकावण्याची कल्पना पटली. दर आकारायचाच, दूरदेशी म्हणतात तसं. ज्यांना परवडत नाही त्यांचा भाग संस्था भरेल, पण पावती सगळ्यांना सारखीच, म्हणजे सोबतीलाही कळणार नाही कोण किती देतं.

आणि सोबत्यांना पगार वेळेवर द्या. महिला बचत गटांतल्या बायका शोधा, पन्नाशीच्या आसपासच्या, ज्यांनी घरात कुणाचं तरी केलंय. नर्सिंगचं सर्टिफिकेट असलेली वीस वर्षांची मुलगी तीन महिन्यांत पुण्याला जाते.

---

नदीकाठची

शनिवारी ठेवायचे विषय, धाग्यावरून काढलेले:

गावभागातलं घर नको, हे दात्यांशी मी बोलते. (काल फोनवर बोलले. थोरले चिरंजीव हसले आणि म्हणाले, "आम्ही स्वतः पुराला कंटाळूनच ते घर सोडलं." घराऐवजी विश्रामबागेतल्या हॉलच्या भाड्याला हातभार लावतो म्हणालेत.) पहिली तुकडी सहा सोबत्यांची, त्यात निदान एक पुरुष. दर आठवड्याला शनिवारी तीन तास सगळ्यांनी माणसांना घेऊन जमायचं, ते चाललं तर वर्षभराने रोजच्या केंद्राचा विचार. पहिला सोबती हळदवाल्या काकूंकडे, यावर मात्र मी मत मागवत नाहीये. काळाकोट, संस्थेच्या घटनेचा मसुदा तुम्ही आणा. आणि २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाला फेरी-बॅनर असलं काही करायचं नाही, त्या दिवशी नणंदा-दिरांची सभा. सूनबाई, ती तुमच्याकडे.

---

जुनं_ते_सोनं

मी रिटायर्ड माणूस आहे. दुपारी दोन ते पाच मोकळा असतो. पत्ते आणि बुद्धिबळ येतं. चालत असेल तर कुणाकडे बसायला जाईन, पगार नको. घृताचा आग्रह धरणार नाही.

---

हरिपूरचा

काका, अण्णास्नी रमी येतेय अजून. फकस्त पैसं लावू नका, त्ये जिंकतात.

---

सूनबाई_क्र_२

सभा घेते! नणंदबाईंना आत्ताच मेसेज केला, सप्टेंबरातलं तिकीट काढा म्हणून.

पण या शनिवारी बैठकीला यायचं तर सासूबाईंजवळ कोण? ह्यांची सेकंड शिफ्ट आहे.

---

नदीकाठची

घेऊनच या. रॅम्प आहे, बाथरूम आतच आणि कमोड आहे. बदलायचे कपडे एक जोडी जास्त आणा. त्यांना काय आवडतं ते मात्र आधी कळवा, भडंग चावणार नसेल तर शिरा करून आणते.

---

सूनबाई_क्र_२

शिराच. साखर कमी.